समुद्र : मध्यम

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोकच ते घेऊन येतात. दिवसभर प्रश्न एकच असतो, "बोट कधी, आणि समुद्र कसा आहे?" पण विचारणारा प्रत्येक जण आपापली भीती बरोबर आणतो आणि जाताना थोडी तुमच्याकडे ठेवून जातो. ती साचत जाते. आता मंडळी चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "वैद्य, तुझ्या बोटीचं काहीतरी सांग." मी सांगतो, लोक हसतात. खरं म्हणाल तर, घडत होतं तेव्हा त्यातलं कुणीच हसत नव्हतं.

आमचं ऑफिस लालबागला होतं. कोकणात जाणाऱ्या बोटींच्या कंपनीची ही एक लहानशी शाखा, चाळीच्या तळमजल्यावर. शेजारी मिरच्या कुटायचं दुकान, त्यामुळे आमच्याकडे तिकीट काढायला आलेला माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. गिऱ्हाईक बहुतेक गिरणीतलं. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. आज मोर्चा, उद्या बंद, परवा काय ते कुणी सांगू शकत नव्हतं.

आम्ही चौघं होतो. हेडक्लार्क धुरंधर, मूळचे मुंबईचेच, जुन्या घराण्यातले. उन्हाळ्यातही काळा कोट घालायचे. तिकिटाच्या खिडकीत मोरे, नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा, माझ्याच वयाचा. शिपाई सावंत, मालवणकडचा. आणि चौकशीला मी, गिरगावातला.

बोटी गणपतीच्या सुमाराला सुरू व्हायच्या आणि मे संपता संपता बंद. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक बोट माणसांसकट बुडाली होती. तिचं नाव ऑफिसात घ्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. खिडकीपुढे उभा राहणाराही ते घेत नसे. पण तो बोलता बोलता मध्येच थांबला की आम्हाला कळायचं, नाव ओठांवर आलंय.

*

एकदा कंपनीनं टुरिस्ट लोकांसाठी इंग्रजीत एक पत्रक छापलं. कोकण किनाऱ्यावर कोणत्या महिन्यात हवा कशी, समुद्र कसा, बरोबर कपडे कोणते घ्यावेत. आणि हुकूम आला की हेच मराठीत करून प्रत्येक शाखेत फळ्यावर लिहा.

धुरंधर दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले. मग फळा लागला. "जानेवारी : हवा आल्हाददायक, समुद्र शांत. मार्च : हवा उष्ण, समुद्र मध्यम. एप्रिल : समुद्र मध्यम ते किंचित क्षुब्ध."

पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"मध्यम म्हंजे?"

"म्हणजे फार नाही आणि अगदीच कमीही नाही."

"ते ऱ्हाऊ दे. ओकारी होईल का न्हाई, ते सांग."

मी धुरंधरांकडे पाहिलं. ते उठून आले. आजींच्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. बाई खरोखर घाबरलेल्या होत्या, पदर मुठीत धरून उभ्या होत्या. धुरंधरांनी खडू उचलला आणि मार्चपुढे लिहिलं, "ओकारी एकदा." एप्रिलपुढे, "ओकारी दोनदा." आणि मेपुढे, "जेवून निघू नये."

त्या दिवसापासून फळ्यापुढे गर्दी व्हायला लागली.

मग तपासणीला कंपनीचे इन्स्पेक्टर आले. सुटाबुटातले, कडक. फळा पाहून थबकले. वरपासून खालपर्यंत त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. आम्ही चौघं उभे. धुरंधरांचा हात कोटाच्या बटणावर गेला होता आणि तिथेच राहिला होता. इन्स्पेक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. आम्हाला वाटलं, संपलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "शिमग्याला मला घरच्यांना घेऊन जायचं आहे. मार्चात. एकदाच ना नक्की?"

*

ऑक्टोबरबद्दल मी लोकांना सांगायचो, "सकाळी काही नाही, दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो." सांगणं सोपं असतं. त्याच ऑक्टोबरात मी बायको आणि सासूबाईंना घेऊन रत्नागिरीला निघालो.

सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयाशी थेट बोलायच्या नाहीत. मी समोर बसलेलो असायचो, तरी त्या मुलीला सांगायच्या, "त्यांना विचार, चहा घेणार का." मी बायकोला सांगायचो, "म्हणावं, घेईन." लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, पण आमचं एक वाक्य समोरासमोर झालं नव्हतं.

कोकणातल्या बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नाही. ती लांब पाण्यात उभी राहते आणि किनाऱ्यावरून पडाव येतात. बोटीतून त्या मोठ्या होड्यांत उतरायचं आणि मग किनारा गाठायचा. आम्ही पडावात बसलो तेव्हा ऊन होतं. अर्ध्या वाटेवर असताना डोंगराकडून काळंभोर आभाळ आलं. वारा असा सुटला की वल्ही मारणारे दोघं एकमेकांना काय सांगतायत ते ऐकू येईना. वीज पाण्यावर पडल्यासारखी दिसली. पडाव एका बाजूला कलला आणि पाणी आत आलं. बायका ओरडायच्या थांबल्या. ते थांबणं जास्त भयंकर होतं. सगळे गप्प, फक्त पाणी उपसणाऱ्या डब्याचा आवाज. मी पोहायला शिकलेलो नाही. बायकोचा हात धरून बसलो होतो आणि तिचा हात गार पडला होता.

माझी भीती मला नक्की आठवते. बुडण्याची नव्हती. पाणी डोळ्यांत जाईल आणि ही मला दिसणार नाही, याची होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा सदरा छातीपाशी पकडला. घट्ट, मुठीत. आणि कानाशी आवाज आला.

"जावईबापू, हलू नका. तुम्ही हललात तर तीही हलेल."

मी हललो नाही. पडाव किनाऱ्याला लागेपर्यंत ती मूठ सुटली नाही.

वाळूवर उतरलो. पाऊस थांबला होता. सासूबाईंनी लुगडं पिळलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून मुलीला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, सदऱ्याचं बटण तुटलंय. घरी गेल्यावर लावून देईन."

*

जुलैत बोटी बंद असायच्या, पण खिडकी उघडी असायची. एका पावसात एक गोरा साहेब आला. कुठल्यातरी परदेशी जहाजातून उतरलेला, अंगावर पांढरे कपडे, काखेत घडीची खुर्ची. इंग्रजी पत्रक हातात. त्यावर नारळाच्या झाडांचं चित्र होतं. त्याला त्या चित्रात जाऊन बसायचं होतं.

धुरंधरांनी त्याला इंग्रजीतून सांगितलं, "सर, जुलैमध्ये समुद्र बंद असतो."

साहेबाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बोटी बंद असतील. समुद्र कसा बंद असेल?"

"समुद्रच बंद असतो, सर."

साहेब हसला. धुरंधर हसले नाहीत. त्यांनी सावंताला हाक मारली आणि साहेबाला दादर चौपाटी दाखवून आणायला सांगितलं.

दोघं परत आले तेव्हा निथळत होते. सावंतानं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. भरती होती. सावंत लांब उभा राहिला, साहेबाला हातानं खुणा करत राहिला. पण साहेब ऐकेना. त्यानं वाळूत खुर्ची मांडली आणि तिच्यात बसला. पहिली लाट पायापाशी आली तेव्हा तो खूश झाला. दुसरी आली ती खुर्चीसकट त्याला घेऊन निघाली. सावंत धावला. हातात साहेबाचा पट्टा आला, तो त्यानं सोडला नाही. वाळू पायाखालून सरकत होती. सावंत म्हणाला, "एकदा मनात इला, सोडूया. माका पोरां आसत. पण तो माझ्याकडे बघी होतो." मग लाट मागे गेली, आणि ते दोघं तिथेच राहिले. खुर्ची गेली, टोपी गेली, एक बूटही गेला.

साहेब आमच्या बाकावर बसला. मोरेनं त्याला चहा दिला. शेजारच्या दुकानातल्या मिरचीनं त्याला शिंका येत होत्या, तरी तो उठायला तयार नव्हता. भिंतीशी जमेल तितका चिकटून बसला होता.

चहा संपल्यावर त्यानं धुरंधरांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"येस," तो म्हणाला. "क्लोज्ड."

*

थंडीतला एक छोटा किस्सा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे भाऊच्या धक्क्यावर धुकं उतरतं. शिवडीकडून गिरण्यांचा धूर आला की ते आणखी दाट होतं. पाणी कुठं संपतं आणि धक्का कुठं सुरू होतो, ते दिसत नाही.

अशा एका सकाळी मी प्रवाशांच्या मदतीला धक्क्यावर गेलो होतो. माणसं गाठोड्यांवर बसून पेंगत होती. बोट धुक्यातून येत होती, दिसत नव्हती. एकाएकी तिचा भोंगा झाला.

एक विणकर, आदल्या पाळीतून थेट आलेला, झोपेतून ताडकन उठला आणि चालायला लागला. डबा हातात, मान खाली, झपाझप. आधी कुणाला काही वाटलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, तो पाण्याच्या बाजूला चाललाय. मी हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही. मी धावलो. धुक्यात तो दिसेनासा झाला. हात पुढे करून मी अंदाजानं पकडलं, तर त्याच्या बंडीचं टोक हाती लागलं. त्याचा एक पाय धक्क्याच्या कडेबाहेर होता.

तो जागा झाला. खाली पाहिलं. खाली पाणी काळं, हलतं. तो मटकन बसला.

मी ओरडलोच त्याच्यावर. "अरे, चाललास कुठं?"

तो म्हणाला, "कामावर. भोंगा झाला ना. भोंगा झाला की पाय मला विचारत नाहीत, साहेब."

*

त्यानंतरच्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला. तेव्हा लोक खिडकीशी येऊन विचारायचे, "हवा कशी आहे?" आणि आधी आम्हाला विचारावं लागायचं, "कुठली? समुद्रावरची की रस्त्यावरची?"

एका दुपारी ऑफिसात बरीच माणसं होती. त्यांत शेवंता नावाची एक तरुण मुलगी होती, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण, माहेरी जयगडला निघालेली. बरोबर सासरे, गिरणी कामगार. दुसऱ्या दिवशीच्या बोटीचं विचारायला आले होते.

बाहेर पळापळ झाली. सावंतानं लोखंडी शटर खाली ओढलं. आत अंधार आणि मिरचीचा वास. आधी पळणाऱ्या चपला ऐकू आल्या, मग आरडाओरडा, मग फटाक्यासारखे आवाज. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "फटाके?" मग बाहेर काहीच ऐकू येईना. नळ गळत होता, तेवढाच आवाज.

शेवंता खाली बसली होती, भिंतीला टेकून, दोन्ही हात पोटावर. तिचा श्वास जोरानं चालला होता. सासरे तिच्याकडे बघत होते आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. मला वाटलं, ही आता इथेच... आणि आम्ही सगळे बाप्ये.

ती मला म्हणाली, "साहेब, उद्या समुद्र कसा असेल?"

मी म्हटलं, "शांत."

"परवा?"

"परवाही. जानेवारी सगळाच शांत."

"मग पुढं?"

मला कळलं, तिला काहीतरी ऐकायचं होतं. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि सांगायला लागलो. फेब्रुवारीत पाणी कसं तळ्यासारखं असतं. मार्चात वारा फिरतो, पण लाट लहान. एप्रिलमध्ये पहाटेची बोट बरी. बाहेर पुन्हा आवाज झाले. ती म्हणाली, "थांबू नका." मी थांबलो नाही. माझाच आवाज मला परका वाटत होता. अंधारात बाकीचीही माणसं गप्प बसून ऐकत होती, जणू सगळ्यांनाच मे महिन्यापर्यंत पोचायचं होतं.

मेवर आलो आणि शटरवर काठी वाजली.

पुन्हा वाजली. मग आवाज आला, "उघडा. पोलीस."

शेवंतानं माझं मनगट धरलं. धुरंधर उठले, कोट नीट केला आणि शटरजवळ गेले. मोरे त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सावंतानं शटर गुडघ्याएवढं वर केलं.

खालून एक हवालदार वाकून आत आला. पन्नाशीचा, घामानं भिजलेला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "चौकशी चालू आहे का?"

आम्हाला समजेना.

"नायगावच्या क्वार्टर्समध्ये राहतो," तो म्हणाला. "बायको आणि पोरी गावी धाडायच्या आहेत. इथं नाही ठेवायच्या आता. उद्या बोट सुटेल?"

मोरे त्याला ओळखत होता, तोंडावरून. तो म्हणाला, "चौकशी चालू आहे. पण आधी तुम्ही सांगा, बाहेर हवा कशी आहे?"

हवालदारानं काठी भिंतीला टेकवली. तोंड पुसलं. विचार केला.

"मध्यम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी जेवढा वेळ उठली तेवढ्या वेळात त्यानं आपल्या बायको-मुलींबरोबर शेवंताला आणि तिच्या सासऱ्यांना धक्क्यावर पोचवलं. बोट सुटली. शेवंताला मुलगा झाला. सासरे पेढे घेऊन आले तेव्हा शटरमधून आत येताना ते वाकले. शटर तर पूर्ण उघडं होतं.

*

हा किस्सा माझा नाही, मोरेचा आहे. तो त्यानं आम्हाला एकदाच सांगितला.

फेब्रुवारी होता, समुद्र शांत. मोरे बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन गावी निघाला होता, हर्णैला उतरून पुढं. मुलगी अजून बसायलाही शिकली नव्हती. त्याच्या घरच्यांनी त्याआधी काही महिने दीक्षा घेतली होती, ते बौद्ध झाले होते. गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना हे तोंडानं सांगायचं म्हणून तो चालला होता.

समुद्र शांत असला तरी बोटीशेजारी पडाव वरखाली होतोच. उतरताना लहान मुलं हातोहात खाली देतात. बोटीवरचा माणूस मूल खाली धरतो, पडाव वर आला की खालचा ते घेतो, आणि मागच्याला देतो. मोरेनं मुलगी दिली. ज्या खलाशानं घेतली त्यानं मागे दिली. तेवढ्यात पडाव बाजूला सरला, दुसरा मध्ये घुसला. मोरे आणि त्याची बायको दुसऱ्या पडावात उतरले.

"मुलगी?" बायकोनं विचारलं.

पहिला पडाव निघाला होता. माणसांनी भरलेला, पाठमोरा. मोरे ओरडला, पण तिथं सगळेच ओरडत असतात. त्याची बायको उभी राहिली, लोकांनी तिला खाली ओढून बसवलं. ती पुन्हा उभी राहिली. मोरे म्हणाला, "मी पाण्याकडेच बघत होतो. पडावाकडे बघायचं धाडसच नव्हतं. पडावात दिसली नाही तर मग काय, म्हणून पाण्याकडे."

मग पुढचा पडाव वळला आणि त्याला दिसलं. मुलगी एका म्हातारीच्या मांडीवर होती. म्हातारीनं तिला पदराखाली घेतलं होतं आणि लाटेचं पाणी उडू नये म्हणून स्वतः वाकली होती. बायकोला रडू फुटलं. मोरेला फुटलं नाही, कारण त्यानं म्हातारीला ओळखलं होतं. त्या त्याच्याच गावच्या खोताच्या घरातल्या. लहानपणी त्या अंगणात त्याची आई लांब उभी राहायची.

आधी मुलगी बुडाली असेल म्हणून भीती होती. आता मूल कुणाचं ते त्यांना कळलं तर काय, याची भीती. तो म्हणाला, "किनारा येऊच नये असं वाटायला लागलं."

किनारा आला. मोरे पाण्यातच उडी मारून धावला. म्हातारी वाळूवर उभ्या होत्या, मुलगी छातीशी. त्यांनी त्याला पाहिलं. नाव विचारलं नाही. चेहरा ओळखीचा वाटला असावा, बापासारखा. त्या थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मोरेनं हात पुढे केले.

म्हातारी वाकल्या. मुलीला त्यांनी वाळूवर ठेवलं, आधी आपली शाल घडी करून खाली घातली, तिच्यावर ठेवलं. आणि दोन पावलं मागे सरल्या.

मोरेनं मुलगी उचलली. शाल तिथेच राहिली. त्यांनीही घेतली नाही, त्यानंही घेतली नाही.

सावंतानं चहाचे कप गोळा केले. मोरे तिकिटाच्या खिडकीकडे वळला आणि जाता जाता म्हणाला, "पण समुद्रात घट्ट धरली होती, बरं का. अगदी घट्ट."

*

आता शेवटचा सांगतो.

मे संपत आला होता. हंगामातली शेवटची बोट. वारा फिरला होता, धक्क्याशी बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. सावंताची आई त्या बोटीनं मालवणला निघाली होती. सावंत तिला पोचवून एस.टी.नं परत येणार होता. आई नवी नवरी म्हणून बोटीतून मुंबईला आली, ती पुन्हा गावी गेलीच नव्हती. दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी सून आजारी, कधी दळण, कधी पाहुणे. या वर्षी भावानं निरोप पाठवला होता, आता नाही आलीस तर भेट होणार नाही.

आम्ही तिघंही निरोप द्यायला गेलो. धुरंधरसुद्धा.

शिडीपाशी येईपर्यंत म्हातारी नीट चालत होती. शिडीवर पहिलं पाऊल टाकलं, खालच्या फटीतून पाणी पाहिलं, आणि ती बसली. तिथेच, फळीवर.

"माका येवचा नाय," ती म्हणाली.

"आये, चल गो," सावंत म्हणाला. "लोक थांबलेहत."

"माका भय वाटता. तेवाय वाटलेला. कोणाक सांगूक नाय मी."

मागे माणसं खोळंबली. बोटीनं शिट्टी दिली. सावंत आधी समजावत होता, मग चिडला. म्हातारी शिडीचा दोर सोडेना. तिची बोटं पांढरी पडली होती.

तेव्हा धुरंधर पुढं झाले. कोट, टोपी, छत्री, सगळं सांभाळत ते तिच्याजवळ फळीवर वाकले.

"आजी," ते म्हणाले, "मलाही भीती वाटते."

म्हातारीनं वर पाहिलं.

"मी या कंपनीत इतकी वर्षं आहे, पण बोटीवर पाय ठेवलेला नाही. एकदाही नाही. कुणाला माहीत नाही हे."

आम्हाला माहीत नव्हतं. मोरेनं माझ्याकडे पाहिलं.

"असा?" म्हातारी म्हणाली.

"असंच. तुम्ही उठलात तर मी वरपर्यंत तुमच्याबरोबर येतो. वर बसवतो आणि उतरतो."

तिनं दोर सोडला आणि त्यांचा हात धरला. दोघं एकेक पाऊल टाकत वर गेले. शिडी हलली की दोघं थांबायचे. कोण कुणाला धरून होतं ते खालून कळत नव्हतं. सावंत डोळे पुसत खाली राहिलेली पेटी आणायला वळला.

तेवढ्यात शिट्टी झाली आणि खलाशांनी शिडी ओढली.

सावंत पेटी घेऊन धक्क्यावर उभा. धुरंधर डेकवर. मधलं पाणी वाढत चाललं होतं. मी ओरडलो, "साहेब, उतरा!" पण उतरायला काही उरलं नव्हतं. सावंत पेटी टाकून कडेपर्यंत धावला, मोरेनं त्याला मागे ओढलं. बोट वळली. कठड्याशी काळा कोट दिसत होता आणि त्याला बिलगून हिरवं लुगडं. मग लाटांनी बोट उचलली, खाली घेतली, आणि आम्हाला नुसतं धुराडं दिसत राहिलं.

त्या रात्री आमच्यापैकी कुणी जेवलं नाही. धुरंधरांच्या घरी सांगायला गिरगावात मीच गेलो. त्यांच्या बायकोनं पुन्हा पुन्हा विचारलं, "बोटीत? हे?"

वारा वाढला. तार येईपर्यंत सावंत ऑफिसातल्या बाकावरून हलला नाही. बोट पोचल्याची तार आली तेव्हा त्यानं ती हातात धरली आणि मोरेला म्हणाला, "तू वाच. माका अक्षरां दिसनत नाय."

पुढच्या आठवड्यात धुरंधर एस.टी.नं परत आले. कोट चुरगळलेला, काखेत फणस. म्हातारीच्या भावानं त्यांना सोडलंच नव्हतं. ते आपल्या खुर्चीत बसले. आम्ही तिघं भोवती उभे.

शेवटी मीच विचारलं, "साहेब, समुद्र कसा होता?"

"पाहिला नाही," धुरंधर म्हणाले. "बोट हलायला लागली तेव्हा मी ओरडलो असेन. म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, 'झिला, डोळे मीट. मी सांगान तेव्हाच उघड.' मी मिटले."

"मग कधी उघडलेत?"

धुरंधरांनी चष्मा काढून पुसला.

"ती सांगायला विसरली," ते म्हणाले. "मालवणला पडावात बसल्यावर तिला आठवण झाली."